मूर्ती राहिली, ताम्रपट गेला

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली खोदकामात वर आली. काळा पाषाण, उंची अकरा फुटांच्या घरात. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर कलेक्टरला कळवलेच पाहिजे, असा निखात निधीचा कायदा इंग्रजांनी १८७८ सालीच केला होता. साहेब मूर्ती विलायतेला नेणार या धास्तीने लोकांनी घाईघाईने प्रतिष्ठापना उरकली, असे मेहकरात सांगतात. सोबत निघालेला ताम्रपट आणि दागिने मात्र गेले, असेही सांगतात.

मला हळहळ वाटते ती त्या ताम्रपटाची. मूर्ती कुणी घडवून घेतली, कुणी आणि कधी पुरली, हे कदाचित तोच सांगू शकला असता. गावाच्या इतिहासाचे संग्रहालय मांडायचे तर निवडीची पहिली कसोटी हीच असावी: वस्तूसोबत तिची हकिकत येते का? कुठल्या गावची, कुणाच्या घरची, कशासाठी वापरली, कशी हाती आली. दाखल नोंदवहीत क्रमांकापुढे एवढे लिहिता आले, तर फुटका रांजणही ठेवावा. लिहिता आले नाही, तर लखलखीत तलवार घेण्याआधीही दहादा विचार करावा.

हकिकतीसह वस्तू मिळते तेव्हा काय होते, ते जून २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाला दिसले. लखुजी जाधवरावांच्या समाधीचे जतनकाम करताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला आधी काही दगड लागले, मग मंदिराचा पाया, मग सभामंडप. आणखी खोल गेल्यावर लक्ष्मी दिसली आणि पाठोपाठ १.७० मीटर लांब, १ मीटर उंच शेषशायी विष्णू. लक्ष्मी पाय चेपते आहे आणि मागच्या पट्टावर समुद्रमंथन, त्यातून निघालेला अश्व, ऐरावत. दगड क्लोराइट शिस्टचा. बुलढाणा तर बेसाल्टचा मुलूख, लोणारचे विवरही बेसाल्टातच आहे. म्हणजे दगड किंवा घडीव मूर्ती दुरून आलेली असणार. कुठल्या थरात, कशाशेजारी मिळाली हे नोंदलेले असल्याने असे प्रश्न निदान नीट विचारता तरी येतात.

घरगुती वस्तूंना खोदकामाचा थर नसतो. तिथे माणसालाच विचारावे लागते. पुण्यात चष्म्याचे दुकान चालवणारे दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती गोळा केल्या. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभा राहिलेला हा संग्रह त्यांनी १९७५ साली राज्य शासनाला दिला. वस्तू वीस हजारांच्या वर, मांडलेल्या जेमतेम अडीच हजार. बाकीच्या कोठारात. घेणे सोपे असते; वाळवी, दमट हवा, गंज यांपासून पुढची शंभर वर्षे सांभाळायचे, हे कठीण. म्हणून तीच ती वस्तू पाचव्यांदा आली, तर नम्रपणे परत करण्याची हिंमत संग्रहालयाला हवी. ‘आजोबांचा फोटो कायम दर्शनीच लावा’ अशा अटीवरचे दानही नाकारावे.

बुलढाण्यासाठी निवड करायला मला बसवले, तर आधी मी सरते मागेन. पेरणीच्या तिफणीला दोरीने बांधलेली, वर बी सोडायला चाडे असलेली पोकळ नळी. तिफण पुढे ज्वारी पेरत जायची आणि मागून चालणारी बाई ओटीतले तुरीचे बी मुठीने त्यात सोडायची. मुठीतून किती बी सुटले यावर तुरीचे तास दाट की विरळ ते ठरायचे. ट्रॅक्टर आल्यावर कित्येक सरती चुलीत गेली. नवे कोरे करून घेतलेले सरते नको. मुठीने चाड्याची कड गुळगुळीत झालेले हवे. आणि ते धरून पेरणी केलेल्या एखाद्या आजींचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याच क्रमांकाखाली ठेवावे. खामगावच्या चांदीच्या पेढ्यांत ठसे असतील, जुन्या जिनिंगांत कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे असतील. तिथेही कारागिराला बोलते करूनच वस्तू उचलावी.

शेषशायीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सारनाथला १९१० साली उत्खननाशेजारीच संग्रहालय उभे राहिले, तसे सिंदखेड राजालाही व्हावे. ज्या सभामंडपाखालून तो निघाला, तिथून चालत जाऊन पाहता येईल इतक्या जवळ.