रात्रीतून बदलणारा कांद्याचा भाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

७ डिसेंबर २०२३, गुरुवार. लासलगावच्या बाजार समितीत लाल कांद्याला क्विंटलमागे चार हजारांच्या आसपास भाव मिळत होता. रात्री दिल्लीहून विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली : ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद. शुक्रवारी सकाळी नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले आणि चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. लिलाव पुन्हा सुरू झाले ते उतरत्या भावाने, आणि थोड्याच दिवसांत भाव निम्म्यावर आला.

अधिसूचनेत एक सवलत होती. माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात गेला असेल किंवा जहाजावर चढायला लागला असेल, तर तो ५ जानेवारीपर्यंत पाठवता येणार होता. म्हणजे न्हावा-शेवाला कस्टम्सकडे पोचलेला कंटेनर सुटला आणि त्याच वेळी कसारा घाट उतरत असलेला अडकला. कांदा एकाच शिवारातला, खरेदीदारही कदाचित एकच. फरक काही तासांचा.

विकसनशील देशात राजकारण धंद्याच्या ताटात कसं वाढलं जातं, हे पाहायला कांद्याइतकं उघडं उदाहरण नाही. म्हणूनच कदाचित त्याबद्दलचे गैरसमजही भरपूर आहेत.

गैरसमज १ : कांद्याचं धोरण कृषी खातं ठरवतं.

वस्तुस्थिती : कृषी खात्याच्या हाती मुख्यतः लागवड आणि उत्पादन. भावावर नजर असते ती केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची. देशभरातल्या शेकडो केंद्रांतून कांदा-बटाट्यासह जीवनावश्यक वस्तूंचे रोजचे भाव तिथे गोळा होतात. निर्यातबंदी किंवा किमान निर्यात मूल्य (ज्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) लागू होतं ते वाणिज्य मंत्रालयाखालच्या महासंचालनालयाकडून, १९९२ च्या विदेशी व्यापार कायद्याने. निर्यात शुल्क लावतं अर्थ मंत्रालय. साठ्यावर मर्यादा येते १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने. बाजार समित्या राज्याच्या कायद्याखाली. पिकवणाऱ्याचं खातं एक आणि भाव ठरवणारी खाती तीन-चार, ही रचनाच सांगून जाते की कांद्याकडे दिल्ली आधी महागाई म्हणून पाहते, पीक म्हणून नंतर.

गैरसमज २ : निर्यातीमुळे कांदा महागतो, बंदी घातली की स्वस्त होतो.

वस्तुस्थिती : २०२२-२३ मध्ये देशात सुमारे तीन कोटी टन कांदा पिकला आणि सुमारे २५ लाख टन बाहेर गेला, म्हणजे दहाव्या हिश्श्याहूनही कमी. भाव भडकतो तो बहुधा सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान. साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो आणि परतीच्या पावसाने खरिपाचा लाल कांदा झोडपलेला किंवा लांबलेला असतो. जो माल शेतातच सडला, तो बंदी घालून बाजारात आणता येत नाही.

२०१९ चं उदाहरण बोलकं आहे. २९ सप्टेंबरला निर्यात बंद झाली, तरी डिसेंबरात अनेक शहरांत किरकोळ कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. मग इजिप्त आणि तुर्कस्तानहून कांदा मागवला. तो येईपर्यंत देशातला नवा माल बाजारात आला, भाव उतरला आणि राज्यांनी तो आयात कांदा उचलायला नकार दिला. बंदीने भाव पडतोच, पण तो आधी लिलावात पडतो. भाजीवाल्याच्या तराजूपर्यंत ती घसरण उशिरा आणि अर्धवट पोचते.

गैरसमज ३ : फटका बड्या निर्यातदाराला बसतो, शेतकऱ्याचं काय जातं?

वस्तुस्थिती : लिलावात भाव कसा लागतो ते जवळून पाहा. ट्रॅक्टरची ट्रॉली रांगेत उभी असते. व्यापारी ढिगातून चार कांदे उचलतो, दाबतो, पत्ती पाहतो, गोल्टी (बारीक कांदा) किती आणि खाद (खराब माल) किती याचा अंदाज घेतो आणि बोली लावतो. ती बोली लावताना त्याच्या डोक्यात उलटा हिशेब चालू असतो : क्वालालंपूर किंवा दुबईचा खरेदीदार किती देईल, त्यातून जहाजभाडं, गोण्या, हमाली, खळ्यावरच्या निवडीत निघणारी घट आणि स्वतःचा नफा वजा केला की उरतो तो ट्रॉलीचा भाव.

समजा टनाला ३०० डॉलर मिळतात आणि कंटेनरात २८ टन माल आहे. किंमत झाली ८,४०० डॉलर. त्यावर २०२३ सारखं ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तर ते ३,३६० डॉलर; ८३ रुपयांच्या दराने पावणेतीन लाखांच्या वर. परदेशी खरेदीदार हा बोजा घेत नाही, कारण त्याला पाकिस्तान किंवा चीनचा कांदा मिळतो. निर्यातदार फार काळ सोसत नाही. मग हा बोजा उलट्या हिशेबात शिरतो आणि ट्रॉलीपर्यंत येऊन थांबतो. शेतकऱ्याच्या मागे मात्र ढकलायला कुणी नसतं. त्यात कांद्यासाठी ग्राहक देतो त्या रुपयातले साधारण ३६ पैसेच शेतकऱ्याला मिळतात, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासनिबंधाचं अनुमान आहे.

गैरसमज ४ : साठेबाज व्यापारीच सगळ्याचं मूळ.

वस्तुस्थिती : हा गैरसमज अर्धा खरा आहे, म्हणूनच चिवट आहे. बाजार समित्यांत मोजक्या व्यापाऱ्यांचं वजन असतं आणि ते एकमेकांना चांगले ओळखून असतात, हे लिलावात उभा राहिलेला कुणीही सांगेल. पण साठवणूक म्हणजे साठेबाजी नव्हे. देशाच्या उत्पादनाचा सर्वांत मोठा वाटा उन्हाळ कांद्याचा. तो एप्रिल-मेमध्ये निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देशाला पुरवायचा असतो. कुणीतरी साठवल्याशिवाय हे होत नाही, आणि साठवणारा मोठ्या प्रमाणात शेतकरीच असतो. घराशेजारच्या चाळीत तो कांदा ठेवतो. तिथे वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. पुढे चार पैसे जास्त मिळतील, या आशेवर तो हे नुकसान सोसतो.

धोरण इथे कसं घोटाळतं, ते २०२० साली दिसलं. सप्टेंबरात संसदेने जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करून कांद्याला एरवीच्या साठामर्यादेतून मोकळं केलं. भाव दुप्पट झाला तरच मर्यादा लावायची, अशी अट घातली. महिनाभरातच, २३ ऑक्टोबरला, त्याच अटीवर बोट ठेवून घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टनांची मर्यादा आली. २५ टन म्हणजे एक-दोन ट्रक. नाशिकचे व्यापारी खरेदीपासून दूर राहिले आणि लिलाव थंडावले. पुढच्या वर्षी कृषी कायदे मागे घेतले गेले, त्यांत ही दुरुस्तीही गेली.

गैरसमज ५ : बंदी उठली की धंदा पूर्ववत होतो.

वस्तुस्थिती : दोन वर्षांचा नुसता तारखांचा हिशेब मांडा. १९ ऑगस्ट २०२३ : ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर : त्याऐवजी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबर : पूर्ण बंदी. मार्च २०२४ : मुदत संपायच्या आत बंदी बेमुदत. ४ मे २०२४ : बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क. १३ सप्टेंबर : किमान मूल्य रद्द, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५ : शुल्क शून्य. वीस महिन्यांत सात वेळा नियम बदलले, आणि उन्हाळ कांद्याला रोप टाकल्यापासून चाळीतला शेवटचा माल विकेपर्यंत वर्ष लागतं.

परदेशी खरेदीदार दरावर घासाघीस करतो, पण त्याआधी त्याला पुरवठ्याची खात्री हवी असते. २०१९ च्या बंदीनंतर ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, असा टोला हसत हसत मारला होता. निदान आधी कळवायचं तरी, ही त्यामागची तक्रार. त्यानंतर बांगलादेशने स्वतःची लागवड वाढवण्यावर भर दिला, आणि आपलं पीक हाती आलं की तोही आयात रोखतो. आखातात आणि आग्नेय आशियात पाकिस्तान, चीन, इजिप्त यांचा कांदा आपल्या जागी शिरला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात रुळलं की आपलं शटर उघडलं म्हणून लगेच परत येत नाही.

गैरसमज ६ : कांदा सरकारं पाडतो, म्हणून कुठलंही सरकार असंच वागणार.

वस्तुस्थिती : १९८० च्या लोकसभा प्रचारात इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव मुद्दा केला. १९९८ मध्ये दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत महाग कांद्याने सत्ताधाऱ्यांची दमछाक केली आणि त्यांची सत्ता गेली. दोन्ही वेळा रागावला तो ग्राहक. तेव्हापासून दिल्लीतल्या कुठल्याही सरकारला महाग कांद्याची धास्ती वाटते. स्वस्त कांद्याची वाटत नाही. विकत घेणारे मतदार देशभर पसरलेले आहेत आणि पिकवणारे काही जिल्ह्यांत एकवटलेले, हे त्यामागचं गणित.

२०२४ ने हे गणित थोडं हलवलं. एप्रिलमध्ये ऐन प्रचारात गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रात संताप उसळला. बंदी उठली ४ मे रोजी. दिंडोरी आणि नाशिकचं मतदान होतं २० मे रोजी. तरीही दोन्ही मतदारसंघांत सत्ताधारी उमेदवार हरले, दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री. पण नोव्हेंबरच्या विधानसभेत त्याच नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने जिंकल्या. तेव्हा एकट्या कांद्यावर निवडणूक ठरते, असं म्हणता येत नाही. अधिसूचनांच्या तारखा मात्र निवडणुकीच्या तारखांशेजारी ठेवून पाहाव्यात.

गैरसमज ७ : सरकारने हात काढून घ्यावा, बाकी बाजार बघून घेईल.

वस्तुस्थिती : कांदा चाळींसाठी अनुदान सरकारने दिलं, लासलगावचं विकिरण केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं, बंदर आणि महामार्गही सरकारचेच. नाफेडमार्फत भाव स्थिरीकरण निधीतून होणारी खरेदीही मुळात योग्य आहे : स्वस्त असताना घ्यायचं, महाग झालं की बाजारात सोडायचं. खरेदी उशिरा झाली किंवा साठा नव्या पिकाच्या तोंडावर बाहेर काढला, तर मात्र तोच निधी शेतकऱ्याच्या मुळावर येतो. शहरातल्या गरिबाला परवडणारा कांदा हवा, यातही चुकीचं काही नाही. प्रश्न सरकार हस्तक्षेप करतं की नाही हा नाही, तो कधी आणि कुठल्या ठरलेल्या नियमाने करतं हा आहे.

हा नियम आधी जाहीर करता येतो. किरकोळ भाव अमुक पातळीच्या वर इतके आठवडे राहिला तर इतकं शुल्क, खाली आला की आपोआप रद्द, आणि अंमल सुरू होण्याआधी पंधरा दिवसांची मुदत. एवढं लागवडीपूर्वी कागदावर आलं तरी शेतकऱ्याला किती बिघे लावायचे, व्यापाऱ्याला किती घ्यायचं आणि परदेशातल्या खरेदीदाराला कुणावर विसंबायचं, हे ठरवता येईल. यात ग्राहकाचंही नुकसान नाही.

पुढच्या वेळी भाजीवाल्याकडे कांदा शंभरीला टेकेल, तेव्हा बंदीची मागणी करण्याआधी एवढं आठवा : २०१९ ला बंदी होती आणि कांदा तरीही शंभरीपार गेला होता.