मोठ्या संस्थेचे मेघस्थलांतर : भारतीय टपाल खात्याचे उदाहरण

तमिळनाडूत, कुंभकोणम् आणि तंजावर या दोन नगरांच्या दरम्यान तिरुक्करुगावूर नावाचे गाव आहे. गर्भरक्षांबिका देवीच्या मंदिरामुळे ते दूरवर प्रसिद्ध झाले आहे. गर्भवती स्त्रीची प्रसूती सुखरूप व्हावी म्हणून देवीपुढे ठेवलेले एरंडेल तेल प्रसाद म्हणून नेण्याची तेथे प्रथा आहे. अशा तेलाची एक लहानशी बाटली नीट बांधून कोणी तेथील टपाल कचेरीतून सोलापूरच्या पत्त्यावर पाठविली, अशी कल्पना करावी. पुडक्यावरील सहा आकडी पिन क्रमांक त्याला वाट दाखवितो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. तिरुक्करुगावूरचा क्रमांक ६१४३०२ असून सोलापूरचे क्रमांक ४ या अंकाने सुरू होतात. तो ४ पाहताच पुडके महाराष्ट्राच्या बाजूस जावयाचे, हे छाननी करणाऱ्यास कळते.

परंतु पुडके या घटकेला कोठे आहे, ते किती पैसे घेऊन स्वीकारले, कोणाच्या हाती दिले, हे सांगणे पिन क्रमांकाच्या आवाक्यातील नाही. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर नोंद व्हावी लागते. पूर्वी ही नोंद वहीत होत असे; आता ती संगणकात होते. देशात सुमारे १ लक्ष ६५ हजार टपाल कचेऱ्या असून त्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास खेड्यापाड्यांत आहेत. इतक्या ठिकाणच्या नोंदी ठेवावयाच्या कोठे, आणि त्यांची जागा बदलावयाची झाल्यास चालू काम न थांबविता ती बदलावयाची कशी, हा या लेखाचा विषय आहे.

मेघ म्हणजे काय?

संगणकांच्या जाळ्याचे चित्र काढताना अभियंते जाळ्याचा अंतर्भाग ढगाच्या आकृतीने दाखवीत. त्यावरून क्लाउड कॉम्प्युटिंग, म्हणजे मेघसंगणन, हे नाव रूढ झाले. नाव आकाशातील असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. विटासिमेंटच्या इमारतीत सर्व्हर नावाचे हजारो संगणक मांडलेले असतात. त्यांना अखंड वीज आणि थंड हवा पुरवावी लागते. अशा इमारतीस माहितीकेंद्र अथवा डेटा सेंटर म्हणतात. ज्याला गणनशक्ती हवी असेल त्याने ती दूरच्या केंद्रातून, हवी तेव्हा आणि हवी तेवढी घ्यावी, आणि वापराच्या मापाने मोल द्यावे, हे मेघसंगणनाचे सार होय.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवल्यास हे लवकर उमगेल. एके काळी गिरणीच्या आवारातच बाष्पयंत्र असे. कोळसा, धुराडे आणि दुरुस्ती यांचा भार मालकावर पडे. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि गिरण्यांना तारेवरून शक्ती मिळू लागली. गणनशक्तीचाही असाच सार्वजनिक पुरवठा होऊ शकेल, हा विचार जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडला होता. तो बाजारात प्रत्यक्ष उतरण्यास २००६ साल उजाडले. त्या वर्षी ॲमेझॉन कंपनीने साठवण आणि गणन भाड्याने देण्यास आरंभ केला. भारत सरकारच्या मेघराज या योजनेतील राष्ट्रीय मेघ फेब्रुवारी २०१४ मध्ये कार्यान्वित झाला.

मात्र विजेच्या उपमेला एक मर्यादा आहे. विजेला स्मृती नसते. आज एका तारेतून घेतलेली वीज उद्या दुसऱ्या तारेतून घेतली तरी गिरणीचे काही मागे राहत नाही. संगणकातील नोंदींचे तसे नाही. बचत खात्यातील रक्कम, विम्याचा हप्ता, पुडक्याची पोच या गोष्टी एकेका माणसाच्या असतात आणि त्यांतील एकही हरवून चालत नाही. म्हणूनच मेघाकडे जाणे हे वीजजोडणी घेण्याइतके सोपे नाही. ते चालत्या घराचे बिऱ्हाड हलविण्यासारखे आहे. चूल विझू न देता सामान हलवावे लागते.

स्थलांतर का करावे लागते?

टपाल खात्याने २०१२ साली सुमारे ४,९०९ कोटी रुपयांचा माहिती-तंत्रज्ञानाचा पहिला मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यात टपाल, बचत बँक, विमा आणि खेड्यातील कचेऱ्या यांसाठी निरनिराळ्या प्रणाली उभ्या राहिल्या. त्या निरनिराळ्या कंपन्यांनी पुरविल्या होत्या. अशा रचनेने काम वहीतून संगणकावर आले, हा तिचा मोठा लाभ. पण काळ जाता तिच्या अडचणी दिसू लागतात. एका प्रणालीतील बदल दुसरीस मानवेल असे नसते. आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी बाहेरच्या पुरवठादाराकडे पाहावे लागते.

दुसरी अडचण कामाच्या चढउताराची. राखीपौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात टपालाला जो पूर येतो तो एरवी नसतो. स्वतःची यंत्रे घ्यावयाची तर ती त्या पुराच्या मापाने घ्यावी लागतात, आणि उरलेले वर्ष त्यांतील बरीचशी रिकामी बसतात. मेघात शक्तीचे माप वाढविता आणि कमी करता येते. अर्थात ही सोय आपोआप मिळत नाही. प्रणालीची घडणच अशी असावी लागते, की तिचे लहान लहान भाग स्वतंत्रपणे वाढविता येतील. जुनी एकसंध प्रणाली जशीच्या तशी उचलून मेघावर ठेवली, तर भाडे मात्र वाढते आणि गुण येत नाही.

पहिली पायरी : मोजदाद

म्हणून योजनेचा आरंभ यंत्रांच्या खरेदीने न करता मोजदादीने करावा लागतो. संस्थेत कोणकोणत्या प्रणाली आहेत, त्या कोण वापरतो, आणि कोणती कोणावर अवलंबून आहे, याची यादी हवी. हे काम दिसते तितके सरळ नसते. वरवर पाहता टपाल स्वीकारण्याची प्रणाली एक आहे; पण तिच्यामागे दरपत्रक आहे, हिशेब आहे, थैल्यांची वाहतूक आहे, पोस्टमनचा बटवडा आहे. यांतील एकही दुवा यादीतून निसटला, तर स्थलांतराच्या दिवशी पुडके स्वीकारले जाईल आणि पुढे त्याचा माग लागणार नाही.

यादी झाल्यावर प्रत्येक प्रणालीविषयी निर्णय घ्यावयाचा. काही आहेत तेथेच ठेवाव्यात. काही जशाच्या तशा हलवाव्यात. काहींत थोडा फेरफार करावा. काही मुळापासून नव्याने बांधाव्यात. आणि ज्यांचा उपयोग संपला त्या बंद कराव्यात. टपाल खात्याने मुख्य कामासाठी नव्याने बांधण्याचा मार्ग निवडला. म्हैसूर येथील खात्याच्याच तंत्रज्ञानकेंद्राने 'ॲडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी' ही प्रणाली घडविली. टपाल स्वीकारण्यापासून बटवड्यापर्यंतचे काम तिच्यात एकत्र आणले आहे. ती मेघराज योजनेच्या मेघावर चालते, आणि कचेऱ्यांना जोडणारे जाळे भारत संचार निगमचे आहे. या दुसऱ्या पर्वासाठी खात्याने ५,८०० कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर केली.

एकदम की क्रमाक्रमाने?

पुढचा प्रश्न वेळेचा. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे ५२ लक्ष ग्राहकांची खाती शनिवार-रविवार साधून एकाच वेळी नव्या प्रणालीवर नेली. खात्यांच्या नोंदी नव्या जागी पोहोचल्या. पण ग्राहकांचा भार पडताच नवी प्रणाली कोलमडली आणि लक्षावधी लोकांना स्वतःचेच पैसे दिसेनात. पुढे झालेल्या चौकशीत असे आढळले, की दोन माहितीकेंद्रांपैकी एकाचीच भारचाचणी झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेस ४ कोटी ८६ लक्ष पौंडांहून अधिक दंड केला.

याच्या उलट उदाहरण नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीचे. चित्रपटांच्या तबकड्या टपालाने घरोघर पाठविणे हा तिचा मूळ धंदा. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा बिघडली आणि तीन दिवस तबकड्या रवाना होऊ शकल्या नाहीत. तेव्हा तिने मेघाकडे जाण्याचे ठरविले. हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळाने, पुरे झाले. एकेक भाग नव्याने बांधून, तपासून, मगच जुना बंद करण्यात आला.

भारतीय टपाल खात्याने मधला मार्ग धरला. मे आणि जून २०२५ मध्ये प्रथम केवळ कर्नाटक परिमंडळात प्रयोग करण्यात आला. तेथे दिसलेले दोष सुधारून मग इतर परिमंडळे क्रमाने घेण्यात आली, आणि ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत सर्व परिमंडळे, लहानमोठ्या १ लक्ष ७० हजारांहून अधिक कचेऱ्यांसह, नव्या प्रणालीवर आली. बदलाच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी अनेक ठिकाणी व्यवहार बंद ठेवून तशी पूर्वसूचना देण्यात आली. नोंदी हलवीत असताना नव्या नोंदी येत राहिल्या, तर कोणती नोंद जुन्या जागी आणि कोणती नव्या जागी, याचा घोळ होतो. एक दिवस खिडकी बंद ठेवून तो घोळ टळतो.

एवढी तयारी करूनही पहिले दिवस सुरळीत गेले नाहीत. अनेक ठिकाणी प्रणाली मंद चालली आणि लोकांना खिडकीपुढे ताटकळावे लागले. राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती. म्हणजे गर्दीचा आठवडा आणि बदलाचा आठवडा एकच आला. पुढे स्थिती सावरली, आणि एका दिवसात ३२ लक्ष वस्तूंची नोंद व ३७ लक्ष वस्तूंचा बटवडा झाल्याचे खात्याने जाहीर केले. तरी योजना करणाऱ्याने यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे : प्रयोगातील भार आणि संपूर्ण देशाचा भार यांत मोठे अंतर असते, आणि स्थलांतराची तिथी ठरविताना तंत्रज्ञानाच्या वेळापत्रकाइतकेच पंचांगही पाहावे लागते.

माणूस आणि खिडकी

मेघात कितीही शक्ती असली तरी तिचा अनुभव लोकांना खिडकीवर येतो. नव्या प्रणालीसाठी खात्याने ४ लक्ष ६० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. प्रथम प्रमुख प्रशिक्षक तयार झाले; त्यांनी पुढच्यांना शिकविले, आणि असे ते ज्ञान शेवटच्या कचेरीपर्यंत उतरले. ग्रामीण डाक सेवकाच्या दृष्टीने मेघ म्हणजे हातातील यंत्रावर दिसणारा पडदा. पडदा उघडला नाही तर म्हैसूरचे केंद्र आणि मेघराजाचे सर्व्हर उत्तम चालले काय, न चालले काय, त्याला सारखेच.

यास्तव योजनेची कसोटी मुख्य कचेरीत न लावता सर्वांत दूरच्या, सर्वांत मंद जोडणीच्या कचेरीत लावावी. तार तुटली असता तेथील माणसाने काय करावयाचे, नोंद कशावर घ्यावयाची, ती मागाहून कशी चढवावयाची, हे आधीच ठरलेले आणि शिकविलेले असावे. नगरातील ग्राहक दुसऱ्या कचेरीत जाऊ शकतो. खेड्यात बहुधा दुसरी खिडकी नसते.

प्रतिलिपी आणि परतीची वाट

मेघावर गेल्याने जबाबदारी मेघ चालविणाऱ्याकडे गेली, असा एक समज असतो. तो घातक आहे. दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी विजेऱ्यांपासून आग लागली. शेकडो शासकीय सेवा बंद पडल्या; त्यांत तेथील टपाल खात्याची बँक आणि पार्सलसेवाही होती, आणि तीही तेथील मोठ्या सणाच्या तोंडावर. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ज्या सामायिक कोठारात होती, त्याची प्रतिलिपी दुसऱ्या जागी ठेवलेलीच नव्हती. ते कोठार जळून गेले. ते कोठारही मेघच म्हणविले जात होते.

सबब प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीची प्रतिलिपी दुसऱ्या गावी असली पाहिजे. ती केवळ असून भागत नाही. तीवरून काम पुन्हा उभे करण्याची तालीमही वेळोवेळी झाली पाहिजे. तशीच परतीची वाट हवी. स्थलांतर फसले तर जुन्या जागी किती तासांत परतता येईल, आणि पुढेमागे मेघ बदलावयाचा झाल्यास आपल्या नोंदी कोणत्या रूपात परत मिळतील, हे करारात आरंभीच लिहून घ्यावे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासंबंधी भारतात २०२३ साली जो कायदा झाला, त्यानेही हाच दंडक घातला आहे : माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेतली तरी उत्तरदायित्व ती गोळा करणाऱ्या मूळ संस्थेचेच राहते.

मोजदाद, क्रम, प्रशिक्षण, प्रतिलिपी आणि परतीची वाट ही या योजनेची पाच अंगे. त्यांतील एकही केवळ पैसे मोजून विकत घेता येत नाही. ती संस्थेला स्वतःच घडवावी लागतात. गणनशक्ती भाड्याने मिळते, विश्वास भाड्याने मिळत नाही. ज्याने पुडके खिडकीवर दिले त्याला ते कोणत्या सर्व्हरवर नोंदले गेले याची माहिती नसते आणि असण्याचे कारणही नाही. ते पोहोचेल, एवढेच तो गृहीत धरतो. आणि त्याचे हे गृहीत खरे ठरविण्याचे कर्तव्य मेघाचे नसून, मेघ वापरणाऱ्या संस्थेचे आहे.