पंचांगाच्या पानांवरचा संघर्ष

युरोपात 1633 साली गॅलिलिओला धर्मपीठापुढे गुडघे टेकावे लागले. आपल्याकडे असे कधी घडले नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान बराचसा रास्त आहे. मात्र खटला चालला नाही म्हणजे संघर्षच झाला नाही, असे मानणे चूक ठरेल. आपल्याकडे धर्म आणि विज्ञान यांची गाठ पडली ती प्रामुख्याने ग्रहणाच्या आणि पंचांगाच्या प्रश्नावर. वादाचा शेवट बहुधा एकाच तडजोडीत होत आला: गणित शास्त्राचे घ्यायचे, आचार परंपरेचा ठेवायचा. या तडजोडीने विद्वानांना अभय मिळाले, समाजाला मात्र मिळाले नाही.

आर्यभटाने 499 मध्ये ग्रहणाचे कारण स्वच्छ सांगितले. चंद्र सूर्याला झाकतो तेव्हा सूर्यग्रहण. पृथ्वीची छाया चंद्रावर पडते तेव्हा चंद्रग्रहण. वराहमिहिरानेही राहूची कथा नाकारली. पण 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने अशा मतांना वेद आणि स्मृती यांच्या विरोधी ठरवले, आणि राहू छायेतच शिरतो असा मेळ घातला. स्वतः ग्रहणाचे गणित मात्र तो छायेवरूनच करत होता. चार शतकांनी अल् बिरूनीने हा विरोध नेमका हेरला. एवढा मोठा गणिती असे का लिहितो, याचा विचार करताना त्याला लोकमताविरुद्ध गेलेल्या सॉक्रेटिसाची गत आठवली. न्यायासन नसले तरी लोकमताचा धाक असू शकतो, हे त्या परदेशी पंडिताने ओळखले होते.

गोदाकाठानेही हा पेच अनुभवला. पुराणांतली पृथ्वी सपाट, मध्ये मेरू पर्वत, चंद्र सूर्याहूनही वर. सिद्धांतग्रंथांतली पृथ्वी गोल, आणि चंद्र तिला सर्वांत जवळ. पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या ज्ञानराजाने 1503 मध्ये ‘सिद्धांतसुंदर’ लिहिताना दोन्ही मतांचा मेळ घालण्याची खटपट केली. सतराव्या शतकात महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनीही काशीत तोच प्रयत्न केला. त्यांचे घराणे कोपरगावचे. पुढे 1836 मध्ये सिहोरच्या सुबाजी बापूंनी मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहून पुराणांच्या भूगोलाविरुद्ध उघडपणे सिद्धांतांची बाजू घेतली आणि कोपर्निकसाच्या मताकडे जाणारी वाट दाखवली. नवे ज्ञान स्वीकारण्यासाठी परंपरेतलाच आधार त्यांच्या हाती होता.

खरी लढाई पेटली एकोणिसाव्या शतकात. नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ 1520 चा. त्रिकोणमितीतल्या ज्या आणि कोज्या (साइन आणि कोसाइन) यांचा आधार न घेता ग्रहगणित करण्याची त्यांची रीत इतकी सुटसुटीत होती की महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांगे त्यावरूनच झाली. काळाच्या ओघात मात्र गणित आणि आकाश यांत अंतर पडत गेले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि 1865 पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले.

विरोधाचे कारण श्रद्धेला थेट भिडणारे होते. तिथी कमीत कमी 54 आणि जास्तीत जास्त 65 घटिकांची, या गृहीतावर श्राद्ध आणि एकादशी यांचे निर्णय उभे होते. प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिलेल्या, म्हणजे वेधसिद्ध गणिताने तिथी सुमारे 50 पासून 67 घटिकांपर्यंत जाते. म्हणजे नवे गणित मान्य केले, तर पितरांचे श्राद्ध आजवर कधी कधी चुकीच्या दिवशी झाले, हेही मान्य करावे लागे.

त्यात भर पडली सायन-निरयन वादाची: सूर्याचे स्थान संपातबिंदूपासून मोजायचे (सायन) की स्थिर ताऱ्यांच्या आधारे (निरयन). संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो तो बिंदू, दर 72 वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. त्यामुळे उत्तरायण 21-22 डिसेंबरला सुरू होते, तर आपण मकरसंक्रांत साजरी करतो जानेवारीच्या मध्यावर. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. ही माणसे धर्म बुडवायला निघाली नव्हती. शास्त्राने पुण्यकाळ सांगितला तो खऱ्या अयनाचा, म्हणून तो खऱ्या वेळी पाळा, असे त्यांचे म्हणणे होते. मुरुडच्या दीक्षितांनी शिक्षकी सांभाळून 1896 मध्ये भारतीय ज्योतिषाचा जो इतिहास सिद्ध केला, त्याच्या पानापानांत हा सत्याचा आग्रह आहे. संघर्षाची रेषा श्रद्धावान आणि अश्रद्ध यांच्यामधून जात नव्हती. ती श्रद्धावानांच्या घरातूनच जात होती.

पुढे लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीत पुढाकार घेतला. निरयन राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवणाऱ्या चित्रा पक्षाचे व्यंकटेश बापूजी केतकर, तर तो रेवती ताऱ्यावरून ठरवणाऱ्या रेवती पक्षाचे टिळक. आरंभबिंदूंतल्या सुमारे चार अंशांच्या फरकामुळे आजही काही वर्षी अधिक मास वेगळा येतो आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. स्वतंत्र भारतात 1952 मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. 22 मार्च 1957 पासून सायन वर्षमानाची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, पण धार्मिक सणांसाठी 23 अंश 15 कलांचा स्थिर अयनांश (सायन आणि निरयन आरंभबिंदूंतले अंतर) सुचवून समितीने मधला मार्ग काढला. राष्ट्रीय दिनांक राजपत्रात आणि आकाशवाणीवर राहिला. घराघरांतली पंचांगे निरयनच राहिली.

आज पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत अचूक असते. त्याच पानावर वेध कधीपासून पाळायचे आणि गर्भवतीने काय करू नये, याच्याही सूचना असतात. ब्रह्मगुप्ताची तडजोड चौदाशे वर्षे टिकली ती अशी, आणि तिची किंमत गरोदर बाई तासन्‌तास उपाशी बसून मोजते. जे गणित ग्रहणाची वेळ सांगते, तेच त्याचे कारणही सांगते. एक घेऊन दुसरे टाकता येत नाही. सण हा आपला ठेवा आहे, ते कोणत्या दिवशी साजरे करायचे हे समाजाने ठरवावे. भयाला मात्र असा अधिकार नाही. 2 ऑगस्ट 2027 रोजी पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी घरातल्या गर्भवतीला वेळेवर जेवू घालणे आणि शाळेतल्या मुलांना ग्रहणाच्या चष्म्यातून आकाश दाखवणे, एवढे तरी प्रत्येक सुशिक्षित घराने आणि शाळेने आपले कर्तव्य मानावे.