सॅलिसबरी पठार
सॅलिसबरी पठार हे दक्षिण इंग्लंडमधील, मुख्यत्वे विल्टशायर परगण्यातील खडूच्या खडकाचे पठार आहे. येथील स्टोनहेंज या पाषाणवर्तुळाचा गोल खंदक इ.स.पू. ३०००च्या सुमारास खणला गेला. प्रचंड शिळा सुमारे पाचशे वर्षांनी उभ्या राहिल्या. त्यांतील लहान निळसर दगड वेल्समधून, २०० किमीहून दुरून आणलेले आहेत. पुढे शतकानुशतके पठारावर मेंढ्या चरत. १८९७पासून ब्रिटिश युद्धखात्याने येथील जमिनी विकत घेतल्या. तोफांच्या सरावाने काही हानी झाली. मात्र बऱ्याच भागात नांगर न फिरल्याने प्राचीन थडग्यांचे उंचवटे व दुर्मीळ गवताळ कुरणे टिकली. याची किंमत इंबर गावाने मोजली. डिसेंबर १९४३मध्ये सैन्याच्या सरावासाठी ते रिकामे करण्यात आले आणि युद्ध संपल्यावरही ग्रामस्थांना परतू दिले नाही. तेथील जुने चर्च वर्षातून मोजकेच दिवस खुले असते.