कॉर्डलेस ड्रिल आणि त्याची बॅटरी

वायर नाही म्हणून कॉर्डलेस ड्रिल मशीन साधं वाटतं. पण बॅटरी लावलेली आहे तोवर ते चालूच आहे, असं मी धरून चालतो. म्हणून बिट बदलताना आधी बॅटरी काढायची, मगच चकला हात लावायचा. भोक पाडताना सैल बाह्या आणि हातमोजे नकोत. फिरता बिट कापडासकट बोटं ओढून घेतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

आता बॅटरीकडे वळू. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये 3.6 व्होल्टचे पाच लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच 20 व्होल्टच्या वर जातात. त्यामुळे डब्यावरचं ‘20 व्होल्ट मॅक्स’ वाचून जास्त पैसे मोजू नका. ती 18 व्होल्टचीच बॅटरी आहे.

या सेलना उष्णता सोसत नाही. तापलेला पॅक निवल्यावरच चार्जरवर लावा. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. बरेच दिवस काम नसेल तर अर्धा चार्ज ठेवून सावलीत ठेवा. सुटा पॅक खिळे-स्क्रूच्या पिशवीत टाकू नका. एखाद्या खिळ्याने दोन टोकं जोडली गेली की शॉर्ट होऊन आग लागू शकते.

फुगलेला किंवा पडून तडकलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही, घरच्या कचऱ्यातही टाकायचा नाही. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला विचारा, कुठे जमा करायच्या ते.