जुने मार्क पुसले जात नाहीत, पण…

परवा रात्री अमेरिकेहून वन्संचा फोन आला. आवाज रडवेला. "अगं, पोरीने पुन्हा कॉलेजात नाव घातलंय. डॉक्टर व्हायचं म्हणते, आणि आता एम. एस. करत बसणार! काय खूळ हे?"

मी आर्ट्सची पदवीधर, मला काय कळणार? म्हणून सरळ भाचीलाच फोन लावला. तिने मला कागद-पेन घेऊन बसवलं.

तिकडे बारावीनंतर सहसा थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट परीक्षा, मग मेडिकल. डॉक्टरही दोन प्रकारचे, एम. डी. आणि डी. ओ. डी. ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथिक. मला वाटलं, हाडं बसवणारे! पण तसं नाही. १८९२ साली डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी या शाखेचं पहिलं कॉलेज काढलं. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत डी. ओ. औषधं देतात, ऑपरेशनं करतात.

प्रवेशात पदवीचा जी. पी. ए. फार बघतात. 'ए'चे चार, 'बी'चे तीन, 'सी'चे दोन. त्याला विषयाच्या क्रेडिटने गुणायचं आणि सरासरी काढायची. भाचीचे पहिल्या दोन वर्षांतले मार्क घसरले होते.

"मग तोच विषय पुन्हा दे ना," मी म्हटलं.

"मामी, पूर्वी डी. ओ.च्या अर्जात नवे मार्क जुन्यांची जागा घ्यायचे. २०१७ पासून ते बंद झालं. आता दोन्ही मोजतात."

एम. एस.चे मार्क मात्र वेगळ्या ओळीत येतात. डी. ओ.च्या अर्जात पदवीची सरासरी, पदव्युत्तरची सरासरी आणि दोन्ही मिळून एक, अशा तिन्ही दिसतात. एम. डी.च्या अर्जात ही मिळवणी नसते. आणि एम. एस. न करता पदवीच्याच पातळीचे जादा विषय घेतले, तर ते पदवीच्या सरासरीत जातात.

आम्ही हिशेब मांडला. पदवीचे १२० क्रेडिट, सरासरी ३. एम. एस.चे ३० क्रेडिट, ३.८ मिळाले असं धरलं. एकत्र आले जेमतेम ३.१६! पातेलंभर पातळ आमटीत वाटीभर घट्ट वरण घातल्यासारखं.

"एवढ्या खर्चात एवढंच?"

"आकडा थोडाच हलतो, मामी. पण अवघड विषय मला आता पेलतात, हे त्या वेगळ्या ओळीत दिसतं. तिथेही मार्क कमी पडले तर मात्र उलटंच होईल. प्रत्येक कॉलेज आपापल्या पद्धतीने बघतं, म्हणून फी भरण्याआधी मी चार ठिकाणी विचारून घेतलं."

खूळ कसलं? पोरीने पुरता विचार केला होता. मी वन्संना हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "माझ्या आजारपणात तिची ती दोन वर्षं गेली गं."

तेव्हा कळलं, राग पोरीवर नव्हताच. मी म्हटलं, "वन्सं, तिने तुमची सेवा केली त्याला मार्क नसतात. आता तिला अभ्यास करू द्या, आणि तुम्ही मन खाऊ नका."

मैत्रिणींनो, आपल्या गावातही घरच्या दुखण्याखुपण्यात मुलींचीच वर्षं जातात. ती पुसता येत नाहीत. पण ती पुन्हा वही उघडते म्हणाली, तर "आता कशाला?" असं तरी आपण म्हणू नये.