झरा खळखळतो, तरी मासे का मरतात?

अंगणात किंवा फार्महाऊसवर माशांचं तळं बांधायचं ठरलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘वाहतं पाणी आहे ना, मग फिल्टर कशाला?’ बागेचं काम घेणारा कंत्राटदार हे सांगतो, मासे विकणारा सांगतो, शेजारीही सांगतात. दगड रचून छोटा झरा करायचा, तळ्यात पंप टाकायचा, झालं काम. पंधरवड्यात मासे उलटे तरंगायला लागले की हीच मंडळी म्हणतात, ‘पाणी मानवलं नाही.’

मानवलं नाही म्हणजे नेमकं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

नदीला वरून नवं पाणी येतं, जुनं पुढे जातं. अंगणातल्या झऱ्यात पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा वर चढवतो. बाहेर काहीच जात नाही. माशांच्या कल्ल्यांतून दिवसरात्र अमोनिया पाण्यात उतरत असतो, उरलेलं खाद्य आणि कुजकी पानं त्यात भर घालतात. दगडांवरून पडताना पाण्यात प्राणवायू मिसळतो, हे खरं. अमोनिया मात्र तसाच फिरत राहतो. त्याची विल्हेवाट लावतात जिवाणू: काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना घातक, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू बहुतेक पृष्ठभागाला चिकटून राहतात. झऱ्यातल्या गुळगुळीत गोट्यांवर काही बसतात, पण भरपूर मासे असलेल्या तळ्याला तेवढे पुरत नाहीत. म्हणून झऱ्याच्या उगमाशी एक टाकी ठेवायची, तिच्यात स्पंज, जाळीदार प्लास्टिक किंवा खडी भरायची आणि पंपाचं पाणी त्यातून वर येऊन झऱ्यात सांडू द्यायचं. एवढाच तो फिल्टर! त्यात जिवाणू जमायला साधारण महिना-दीड महिना लागतो. लोक मात्र पहिल्याच रविवारी डझनभर कोई मासे सोडून मोकळे होतात. मासे मेले की तळं उपसून, फिल्टरसकट सगळं नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने घासून काढतात. म्हणजे जमलेले जिवाणूही गेले.

‘पण पाणी तर काचेसारखं आहे!’ असेल. अमोनियाला रंग नसतो, आणि त्यातला किती विषारी रूपात असतो हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. त्याचं इमर्सन आणि सहकारी संशोधकांनी १९७५ साली मांडलेलं गणित आजही वापरात आहे. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्याचा पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियातला विषारी वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर आणि ९ ला एक तृतीयांशाच्या पुढे जातो. सिमेंटचं कोरं तळं पीएच चढवतंच. ते दोन-चार वेळा भरून, उपसून मगच मासे सोडावेत.

पंपाचंही गणित असतं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट खोल तळ्यात सुमारे ३,४०० लिटर पाणी मावतं आणि ते तासा-दोन तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं. खोक्यावर छापलेला आकडा पाणी अजिबात वर न चढवतानाचा असतो. झऱ्याची उंची धरली की तो घटतो. वीज वाचवायला रात्री पंप बंद करणाऱ्यांना तर हात जोडावेत. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायूच वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो.

बाकीचे समज थोडक्यात. तुरटी गाळ खाली बसवते, अमोनिया नाही. पाणी रोज कमी होतंय म्हणून तळ फोडायची घाई नको. बऱ्याचदा झऱ्याच्या काठावर अंथरलेली प्लास्टिकची पन्नी खाली दबलेली असते आणि पाणी तिथून मातीत जात असतं. टाकीच्या मापाने मासा वाढतो, ही समजूतही खोटी. कोई दोन फुटांपर्यंत जाते, लहान टाकीत खुरटते ती घाण पाण्यामुळे. तळ्यामुळे डेंग्यू होतो म्हणणाऱ्यांनी आधी फ्रिजमागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली बघावी. तळ्यातल्या अळ्या मासे खातात. त्यासाठी गॅम्बुसिया मात्र आणू नये: मूळचा अमेरिकेतला हा मासा जगातल्या शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे आणि पावसाळ्यात तळं भरून वाहिलं, की तो गटारातून ओढ्यात पोचतो.